दया कुणाकडे मागायची?

ये, अशी जवळ बस. सोफ्यावर नको, इथे माझ्यापाशी. तिकडे अमवाज बेटावर राहायला गेलीस आणि या म्हातारीच्या घराची वाटच विसरलीस! आणि मघाशी फोनवर लेकाचा अभ्यास घेताना त्याला काय सांगत होतीस? राष्ट्रपती म्हणजे नुसता रबर स्टॅम्प? असं एका शब्दात उडवून लावू नये ग. तुला एक गोष्ट सांगते, मग तूच ठरव.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही इथे बहरीनमध्येच, मनामात जुन्या इमारतीत राहायचो. समोरच्या दारात मालवणकडची एक बाई होती, माझ्याहून लहान, मला वयनी म्हणायची. सनद नावाच्या गावात एका बहरीनी घरात ती स्वयंपाकपाणी बघायची आणि तिचा नवरा तिथेच गाडी चालवायचा. त्या घरची मालकीण चांगली सत्तरीची. इकडे कामाची माणसं मालकिणीला ‘मामा’ म्हणतात, मला पहिल्यांदा हसूच आवरेना. मी मामाचे झगे शिवायची, म्हणून त्याच गाडीतून माझंही जाणं-येणं. मामा तरुणपणी मुंबईला राहून आलेली, त्यामुळे हिंदी मोडकंतोडकं पण अगदी रोखठोक बोलायची.

तर या शेजारणीच्या भावाला गावाकडे फाशीची शिक्षा झाली. शेताच्या गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, भाऊबंदांत मारामारी, दोन माणसं जीवानिशी गेली. त्याने केलं नाही असं कुणीच म्हणत नव्हतं, तीसुद्धा नाही. वरच्या कोर्टातही तेच कायम झालं. आता उरला राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज. वकिलाने तो पाठवला होता.

मामाला हे कळलं तशी ती म्हणाली, “मग रडतेस काय? जा, तुमच्या राजाला भेट.”

म्हटलं, “मामा, आमच्याकडे राजा नाही. राष्ट्रपती. निवडून येतो.”

“तुम्ही निवडता? मग तर त्याने तुमचं जास्तच ऐकायला हवं!”

मला ते पटलं ग. इकडे आम्ही बघत होतो ना, इथले राजे, अमीर, मजलिस म्हणजे दरबार भरवतात, कुणीही उठून जावं, हात मिळवावा, आपलं गाऱ्हाणं सांगावं. शेजारणीचा नवरा मामाच्या लेकाला घेऊन जायचा, तेव्हा त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. फाटक्या चपलेचा कोळी आत गेला आणि हसत बाहेर आला. एवढ्याशा बेटावर हे होतं, तर एवढ्या मोठ्या दिल्लीत का होणार नाही? आम्ही दोघी बायका, माझी चौथी आणि तिची दुसरी इयत्ता. कुणाला विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

तिने रजा मागितली, मामाने लगेच दिली. वर हलव्याचा मोठा डबा आणून ठेवला. “एवढ्या मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जातात होय?”

निघायच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे पुण्याचे अकाउंटंट खाली आले. कुणी देशाला निघालं की जो तो पार्सल घेऊन येणारच. त्यांच्या हातात आईसाठी खजूर.

“मुंबईहून एसटीनेच जाल ना गावाला?”

“नाय, आदी दिल्लीक,” ती म्हणाली. “राष्ट्रपतीच्या मजलिशीत.”

त्यांना आधी वाटलं, थट्टा चाललीये. मग आमची तोंडं बघून ते खाटेच्या कडेवर बसलेच. “अहो वहिनी, ते राजे नव्हेत. तिथे असं कुणाला भेटू देत नाहीत. आणि भेटले तरी एकट्याच्या मनाने ते काही करत नाहीत. अर्जावर काय करायचं ते सरकार ठरवतं, मंत्रिमंडळ. ते सल्ला देतात, राष्ट्रपती तसं करतात.”

“आणि नायच पटला तर?”

“फारतर एकदा परत पाठवतील, पुन्हा विचार करा म्हणून. पण पुन्हा तेच आलं, तर सही करावी लागते.”

मला तर पटेचना. एवढा मोठा महाल, घोडेस्वार, तिन्ही सैन्यदलांचा प्रमुख म्हणतात, आणि एका माणसाला सोड म्हणायचं तर दुसऱ्याला विचारायचं? ती मात्र एका शब्दाला धरून बसली. “वयनी, एकदा तरी परत धाडतलो मां तो?”

दिल्ली रद्द झाली, खलास. ती गावाला जाऊन आईपाशी राहिली आणि रजा संपल्यावर परत आली. मामाला मी सगळं सांगितलं, तेव्हा नव्या झग्याला टाचण्या लावून घेत ती उभी होती. ती गर्रकन वळली, टाचणी टोचली त्याचंही भान नाही.

“मग तुम्ही दया मागता कुणाकडे?”

मी खाली पडलेल्या टाचण्या वेचायला लागले.

पुढे कित्येक महिने काहीच नाही. शेजारीण सकाळी मला विचारायची, “आज बगल्यान आसतीत कागद?” आणि मी म्हणायची, “बघितले असतील.” मग एका दुपारी मामाच्या घरी मुंबईहून वकिलाचा फोन आला. फाशी टळली. जन्मठेप.

ती जमिनीवरच बसली. हसते काय, रडते काय! मामाने तिचं डोकं पोटाशी धरलं. संध्याकाळी अकाउंटंट पेढे घेऊन खाली आले, तर हिने त्यांना पकडलंच.

“भाऊनु, कोणी वाचवल्यान त्येका?”

“सरकारने.”

“म्हंजे कोणी? माका त्येचे पाय धरूचे आसत.”

ते बोलायला लागले, गृहखातं, मंत्री, सही... आणि मध्येच थांबले. एवढा शिकलेला माणूस, पण त्यांनाही एक नाव सांगता येईना. राष्ट्रपतींनी एकदा परत पाठवला होता का? तेही कुणाला ठाऊक नाही.

मग आली सव्वीस जानेवारी. आपल्या भारतीय वकिलातीच्या आवारात झेंडावंदन. राजदूतसाहेब दरवर्षीसारखा राष्ट्रपतींचा संदेश वाचत होते, आम्ही बायका मागे उभ्या. वाचून झालं, साहेब खाली उतरले, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी! बघते तर ही गर्दीतून पुढे गेलेली, आणि सगळ्यांदेखत तिने सुटाबुटातल्या साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलेलं. साहेब दोन पावलं मागे सरले. “अरे, अरे, मैंने क्या किया?”

ती वर बघून म्हणाली, “तुमी नाय तर मग कोण?”

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पण कुणीही त्यांना अर्थ सांगायला पुढे आलं नाही. मीही नाही. शेवटी ती आपली आपण उठली, पदराने डोळे पुसले आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, “चल वयनी. झाला माजा.”

म्हणून म्हणते, लेकाला सगळं नीट सांग. सही कोण करतं, ठरवतं कोण, एकदा परत पाठवता येतं, सगळं. तो इंग्रजीत उत्तरं देईना का. आणि आता फोनवर भागवू नकोस ग, पुढच्या शुक्रवारी त्याला घेऊनच ये. जेवायलाच ये. मी वाट बघते.