वरच्या मजल्यावरची पॅलेस्टिनी मुलगी

तेलाच्या पैशाने जेद्दा वाढत होतं, तेव्हा आम्ही तिथल्या शराफिया मोहल्ल्यात राहायचो. वरच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब होतं. त्यांची थोरली मुलगी सकाळी रोट्या घेऊन जिना चढताना कुराण पुटपुटायची. आयत चुकली की पायरीवर थांबायची, नीट म्हणायची आणि मगच पुढे जायची. मी रत्नागिरीच्या सवयीने विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?"

"याफा," ती म्हणाली. जन्म जेद्दाचा; घरच्यांना सोडावं लागलेलं पॅलेस्टाईनमधलं ते शहर तिने कधी पाहिलंही नव्हतं.

रमजानात शेजारच्या सौदी बाईंकडे मुलींच्या कुराणपठणाची स्पर्धा होती. तिने नाव दिलं होतं, म्हणून तिच्यासोबत मीही ऐकायला गेले. हिची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "बक्षीस आमच्या मुलींना आहे. तू परदेशी, तू बस."

काहीजणी हसल्या. मुलीचा चेहरा लाल झाला, पण ती उभीच राहिली.

"बक्षीस नको, खाला. पण अल्लाह कुणाचा इकामा बघत नाही. मी म्हणणार."

इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या धाकात आम्ही सगळेच परके जगत होतो. असं तोंडावर बोलणारं मी कुणी पाहिलं नव्हतं. आधी तिचा आवाज कापत होता, मग स्थिरावला. तिने कुराणातली अख्खी सूरा, तो पूर्ण अध्याय, म्हटली. बक्षीस दुसरीलाच मिळालं.

परतताना मी विचारलं, "वाईट वाटलं ना गं?"

"वाटलं. पण पुढच्या वर्षी परत येणार."

पुढच्या रमजानात ती खरंच आली, आणि येताना धाकट्या बहिणीलाही घेऊन आली.