जोडीदाराच्या ओळी

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नंतर आवाज राहणार नाही. भिवापूरकडच्या आमच्या गावात बाबा चाळीस वर्षं भजनात सवाल-जवाबाची गाणी म्हणायचे. सवाल बाबांचा, जवाब त्यांच्या जोडीदाराचा. जोडीदार दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून बाबा गायलेच नव्हते. मी हट्टाला पेटलो. आवाज जायच्या आत सगळी गाणी पूर्ण रेकॉर्ड करायची. शहरात, सक्करदऱ्याला छोटा स्टुडिओ मिळाला. जोडीदाराच्या जागी म्हणायला तीन पाहुणे गायक तयार झाले.

अडचण एकच. जवाब कुणालाच येत नव्हते. सवालवाल्यानं जवाब तोंडात घ्यायचा नाही, अशी या दोघांची रीत.

"बाबा, तुमाले त पाठच असन न."

"कानाले पाठ हाय. तोंडाले नाई."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पऱ्हाटीतला कापूस वेचून, सायकल हाणून मराठीत एम.ए. केलं, सांगायला मला लाज नाही. वाटलं, चार-चार ओळींचे जवाब मला काय जड? शहरातल्या माझ्या बेसाच्या फ्लॅटमध्ये बसून आठवडाभरात अकरा गाण्यांचे जवाब लिहिले आणि पाहुण्यांना देऊन टाकले.

स्टुडिओत पहिला पाहुणा सक्करदऱ्याचाच भजनी होता. बाबांचा सवाल संपायच्या आत त्यानं तोंड उघडलं.

बाबांनी हटकलं, "अगा, सवाल त पुरा होऊ दे! पोलीस मांगं लागले काय तुह्या?"

सगळे हसले. बाबाही हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग पुन्हा सवाल झाला आणि पाहुण्यानं माझा जवाब म्हटला. बाबांचा चेहरा उतरला.

"हे कोनाचं हाय?"

"जोडीदारायचंच बाबा. त्यायच्या वहीत भेटलं."

बाबा माझ्याकडे वळले. "त्याले सही करता येत नोयती गा. आंगठा लावे तो."

पाहुणे खाली बघायला लागले. मला वाटलं, बाबा आता उठतील. ते उठले नाहीत. "चालू द्या," एवढंच म्हणाले.

अकराही गाणी झाली. सवाल ते असेल नसेल तेवढा जीव लावून म्हणायचे. पाहुण्याची पाळी आली, की डोळे मिटून दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबायचे. पाहुण्यांमधल्या संगीत शिकवणाऱ्या बाई हळूच मला म्हणाल्या, "किती तल्लीन होतात हो!"

मी म्हटलं, "हो."

माफी मागायला मला महिना लागला. तोवर ऑपरेशन झालं होतं. आता खरे जवाब सांगायचे म्हटले तरी आवाज नाही, आणि लिहिता त्यांनाही येत नाही. मी इतका शिकलो, पण बाबांच्या हातात पेन्सिल द्यावी, हे मला कधी सुचलं नाही.

स्टुडिओवाल्याला सांगून पाहुण्यांचे आवाज काढून टाकले. आता नुसता सवाल ऐकू येतो, मग टाळाचा ठेका, मग पुन्हा सवाल. दुपारी बाबा गॅलरीत बसले, की मी लावून देतो. जवाबाच्या जागी नुसता ठेका चालू असतो तेव्हा त्यांचे ओठ हलतात. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन वही आणली आणि समोर बसलो. वही दिसताच ओठ मिटले.

आता मी वही आतच ठेवतो, आणि त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसतो.