चढावर थांबणारे आबा

गाडी बघायला आले की आबा आधी तिच्या पाठीवर थाप मारायचे. मग चार पावलं मागं सरून ती काय करते ते बघायचे. शोरूममधली गाडी काहीच करायची नाही. ‘गरीब हाये,’ आबा म्हणायचे.

बेल्ह्याच्या बाजारात बैल घेण्या-विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी आळेफाट्याला गाड्या विकत होतो. असं गिऱ्हाईक तुमच्या पाहण्यात क्वचितच आलं असेल. मायलेज विचारलं नाही, रंग विचारला नाही. ‘भाऊ, चढाला मागं सरकती का, तेवढं सांगा.’

कारण काकू. आबांची बायको. खूप वर्षांपूर्वी माहेराहून येताना आंबेगावच्या डोंगरात त्यांची जीप चढावरून मागं घसरली होती. चाक दरीच्या काठाशी जाऊन थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून चढ आला की काकू उतरून चालायच्या. त्यासाठी एसटी मधेच थांबेना, म्हणून त्यांनी एसटी सोडली. पुढं गुडघे गेले. चालणं संपलं, आणि माहेरही.

मी दोघांना घेऊन चढावर गेलो, गाडी थांबवली. काकूंनी दार उघडलं.

‘काकू, बसा. ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी स्वतःच दोन सेकंद ब्रेक धरून ठेवते. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर न्यायचा.’

‘दोन सेकंद,’ काकू म्हणाल्या आणि उतरल्या.

आबांनी तरी गाडी घेतली.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. शेतरस्त्याच्या चिखलात चाक जागीच फिरलं, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकला, मग गाडी निघाली. मी सांगितलं, घसरणाऱ्या चाकाला गाडी ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाला देते.

‘म्हंजी एक बैल घसरला की दुसऱ्यानं वढायचं. बरं हाये. पण दिवा कशापायी लावती? मोठेपणा?’

दिवाळीत काकू माहेरी जाऊन आल्या. गाडीत बसून. मग त्यांच्या गावचा एक टेम्पोवाला माझ्याकडं तक्रार घेऊन आला. ‘रस्ता मोकळा असतोय, अन् आबा दर चढाला मधीच थांबत्यात. मागं आमची लाईन लागती.’

सर्व्हिसिंगला आले तेव्हा मी आबांना विचारलं.

‘हिला दाखवाया लागतं राव, सरकत न्हाई म्हणून.’

‘किती दिवस दाखवणार?’

‘इस्वास बसंपातुर.’

गेल्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. मी भेटायला गेलो. गाडी अंगणात उभी होती, तिच्यावर चादर घातलेली. काकू म्हणाल्या, ‘गाडी मागं सरकत न्हाई, त्ये मला पयल्याच खेपेला कळलं व्हतं.’

‘मग आबांना सांगितलं नाहीत?’

काकूंनी पदराला हात पुसले.

‘चढाला थांबले की माझ्याकडं बघायचे. घरात कवा तसं बघितलं न्हाई.’