बादलीचं बूड

कुठलाही डबा हातात आला की उघडायच्या आधी तो उलटा करून बघणारा एकच माणूस मला भेटला. डबा भरलेला आहे की रिकामा, ही चौकशी ते नंतर करायचे.

"आधी बूड बघावं," असं म्हणत ते प्लास्टिकची जात सांगणारा तळाचा त्रिकोण शोधायचे. त्यात दोन किंवा पाच आकडा असला की चेहरा खुलायचा. त्रिकोणच नसला की डबा नाकाला. आमच्याकडे संक्रांतीला तिळगुळाचा डबा त्यांनी असाच तपासला. अर्धे लाडू सोफ्याखाली गेले.

"पण डबा चांगला आहे हं," ते म्हणाले.

टोकियोतलं आमचं निशी-कसाई तेव्हा पुण्यामुंबईच्या संगणकवाल्यांनी भरत चाललं होतं. प्रत्येकाच्या कार्डावर तो कशाचा ना कशाचा लीड असायचा. कोणाला लीड करतो, हे विचारायची पद्धत नव्हती. यांच्या कार्डावर नुसतं 'टेस्टर'. ऑफिसात दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासायचे आणि घरी डबे.

छंद एकच, आंबवणं. टोकियोच्या थंडीत पीठ फुगत नाही, म्हणून इडलीचं पातेलं कोतात्सूखाली, म्हणजे हीटर लावलेल्या बुटक्या टेबलाखाली, पांघरूण घेऊन झोपायचं. वहिनींचे पाय बाहेर. दारूला मात्र ते शिवत नसत. "मी पीत नाही, आंबवतो," असं पार्टीत सांगून ते संत्र्याचा रस घ्यायचे.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक जपानी आजोबा एकटे राहत. घरी घातलेला मिसो, सोयाबीन आंबवून केलेला, ते शेजाऱ्यांना वाटायचे. पहिल्यांदा द्यायला आले तेव्हा मी तिथे होतो. यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि दारातच उलटा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा मात्र कमरेत खोल वाकले. जिन्यात मला म्हणाले, "चहाच्या समारंभात जाणकार पाहुणा रिकामा वाडगा असाच उलटून बघतो. घडवणाऱ्याचा मान असतो तो. तुमच्याकडेही आहे हे माहीत नव्हतं." मी दुरुस्ती केली नाही. पुण्याच्या माणसाबद्दल इतका चांगला गैरसमज रोज होत नाही.

एका उन्हाळ्यात आजोबांनी सांगितलं, की हिवाळा सुरू व्हायच्या आत ते मुलीकडे सेंदाईला जाणार, कायमचे. "मग जायच्या आधी माझ्या हातची बिअर प्यायची," यांनी जाहीर करून टाकलं. घरी बिअर करायचा संच दुकानात मिळायचा. मद्यार्क एक टक्क्याच्या आत ठेवा, अशी कायद्याची सूचना त्यावर असायची. ती वाचून बाकीचे हसतात असं मी ऐकलं होतं. हे पाणी मोजून घालणार होते.

पण आधी भांडं. रविवारमागून रविवार आम्ही होम सेंटरमध्ये, म्हणजे घरसामानाच्या मोठ्या दुकानात, बादल्या उलट्या करत हिंडलो.

"ही निळी?"

"ती धुण्याची. तिचा रंग पोटात जाईल."

"ही?"

"हिच्या बुडावर काहीच लिहिलेलं नाही. चांगलं असतं तर लिहिलं असतं."

"मग आमचा लोणच्याचा डबा घ्या ना."

"राव, त्यात तुमची मेथी बसलीय. प्लास्टिक वास सोडत नाही."

शेवटी पांढरी, झाकणाची, मुळ्याकोबीचं चित्र असलेली बादली सापडली. जपानी लोक तिच्यात लोणचं घालतात. बुडाला दोन आकडा, शेजारी अन्नाला चालेल असा शिक्का. यांनी ती लहान मूल आणावं तशी घरी आणली.

त्याच आठवड्यात जवळच्या फुनाबोरीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. वहिनींनी डोशाचं पीठ त्या बादलीत भिजवलं आणि स्टीलच्या डावानं खरवडून काढलं. यांनी बादली खिडकीशी उजेडात धरली.

"ओरखडे. जंतू इथे बिऱ्हाड करतात."

"अहो, सगळं मंडळ जेवलं यातलं. एक तरी आजारी पडलं का?"

"टेस्टर वाट बघत नसतो."

पहिली बादली पिठाला गेली, दुसरी आली. बिअर घातली आणि पाठोपाठ त्यांचं काँट्रॅक्ट संपलं. अमेरिकेतल्या बँका कोसळल्या होत्या, निशी-कसाईतली घरं रिकामी होत होती. जाणारे लीड लोक 'नवीन संधी' वगैरे म्हणत. हे म्हणाले, "काढलं."

परतीचं विमान आधी, बिअर तयार व्हायची नंतर. ओतून टाका, असं वहिनीसुद्धा म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. बुडबुडणारी बादली उराशी धरून ते चालत माझ्या घरी आले आणि चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली.

"झाकण उघडायचं नाही. बोट घालायचं नाही. बाटल्या कधी भरायच्या ते फोनवर सांगेन. आजोबांना मिळाली पाहिजे, राव."

"मला असं कधी धरलं नाही," वहिनी म्हणाल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

सेंदाईला निघायच्या आदल्या दुपारी आजोबा माझ्याकडे आले. बिअर पातळ होती, पावाच्या वासाच्या पाण्यासारखी. त्यांनी ग्लास सावकाश संपवला. मग विचारलं, "कशात केली होती?"

मी धुऊन ठेवलेली बादली आणली. आजोबा तातामीवर, गवताच्या जाड चटईवर, गुडघे टेकून बसले. बादली दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उलटी केली आणि बुडावरचा तो त्रिकोण, तो दोनाचा आकडा बराच वेळ बघत राहिले. मग ती हलकेच सुलटी ठेवली आणि तिच्यासमोर कमरेत खोल वाकले.

दारात ते वाकले होते, अगदी तसेच.