उमेदवाराचा उपवास

आमच्या मंडळाची कामं दोनच. निवडणूक नसली की मोर्चा, आणि निवडणूक आली की पाठिंबा. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत कोणी पुरोगामी म्हणवून घेणारा उभा राहिला की त्याला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, आणि मग ‘ह्यांना मत द्या’ म्हणून पत्रक काढायचं. आमच्या पत्रकानं कोणी निवडून आल्याचं मला तरी आठवत नाही. नांदेड आणि लातूरच्या मधलं आमचं तालुक्याचं गाव, दोन्हीकडच्या मोठ्या पुढाऱ्यांना सारखंच लांब. म्हणून लहान पुढारी आमच्याकडं येत. त्यांना दुसरं कोण विचारतंय?

पण मंडळाची एक रीत मात्र चांगली होती, ते खोटं कशाला बोलू. बैठकीला येताना प्रत्येकानं घरून शिदोरी आणायची. सतरंजीवर पेपर अंथरून सगळं मधी मांडायचं, आणि आपण आणलेलं सोडून दुसऱ्याचं खायचं. बौद्ध वस्तीतली भाकरी, मोहल्ल्यातल्या काकूची खिचडी नि चिंचेचा आंबट खट्टा, कोणाचं भरीत, माझी शेंगाची चटणी. आणि ज्याला आमचा पाठिंबा पाहिजे त्यानं आधी आमच्यात बसून जेवायचं, भाषण नंतर. मी जिंदगी बसस्टँडवर पेरू विकण्यात घातली, अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्या वाचून. जाहीरनामे वाचताना मला झोप येते. पण दुसऱ्याच्या घरची भाकरी तोडताना माणसाचं तोंड कसं होतं, ते बघायला मी कधी चुकले नाही. एक उमेदवार तर घास गिळताना सारखा दस्तीनं कपाळ पुसत होता आणि आम्ही बाया पदराआड हसून राहिलो होतो. पण खाल्लं बिचाऱ्यानं.

माझी मैत्रीण ह्याच मंडळातली. बौद्ध वस्तीत तिचं घर, दारातच शिलाई मशीन. ब्लाऊज तर शिवतेच, पण आमच्या अध्यक्षांचे खादीचे झब्बे पण तीच शिवायची. अध्यक्षांना सगळे सर म्हणतात. वस्तीला नळ नव्हता तेव्हा ही बाई हातमशीन डोक्यावर घेऊन नगरपालिकेत गेली आणि साहेबाच्या दारासमोर बसून ब्लाऊज शिवायला लागली. ना घोषणा, ना निवेदन. दिवसभर नुसती खडखड. दुसऱ्या दिवशी पण गेली. साहेबाचं डोकं उठलं आणि नळ आला. आमच्या मंडळाच्या सगळ्या मोर्चांनी मिळून एवढं पाणी आणलं नाही.

तिला नगरसेवक व्हायचं होतं. आडपडदा न ठेवता सांगायची, ‘अक्का, मला त्या दाराच्या आत बसायचं हाय.’ आणि तिला मंडळाचा पाठिंबा पाहिजे होता, कारण ती आमच्या पत्रकाला खरंच किंमत देत होती. तेवढी एकटीच असेल गावात.

विधानसभा लागली तेव्हा एक जण आला. परीटघडीचे कपडे, मागं चार पोरं, तोंडात समता. बैठक गुरुवारी होती. जेवायला बसायची वेळ आली तसे त्यानं हात जोडले. माझा गुरुवार हाय म्हणाला.

आता बघा, आमचं मंडळ म्हणजे जन्मभर बुवाबाजीविरुद्ध ओरडलेलं. आमच्यातल्या कोणाच्या घरात सत्यनारायण झाला तर तीन बैठका त्याच्यावरच चालायच्या. पण उमेदवारानं उपवास म्हटल्याबरोबर सर विरघळले. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब आहे, तिचा आदर करणं हाच खरा पुरोगामीपणा, असं म्हणाले आणि केळी मागवली. माझ्या मैत्रिणीची भाकरी त्याच्या पुढ्यात तशीच, आणि तो केळं सोलून राहिला. केळ्याचं बरं असतं, आपण सोलेपर्यंत आत कोणाचा हात लागलेला नसतो.

घरी येताना ती मला हळूच म्हणाली, ‘अक्का, गुरुवारी साबुदाणा चालतो. मी करून नेला असता तर खाल्ला असता का त्यानं?’

मी म्हणाले, चल घरी.

पाठिंबा दिला आम्ही. नगरपालिका लागली की तुमच्या शिवणवाल्या ताईलाच उभं करू, सगळी ताकद लावू, असा त्यानं सरांना शब्द दिला होता. त्या शब्दापायी ती शिलाई बंद ठेवून त्याच्यासाठी गावोगाव फिरली. मी पण फिरले. तो पडला. पडला तरी गाडी मात्र आधीपेक्षा मोठी झाली, ते कसं होतं त्यालाच ठाऊक.

मग नगरपालिका लागली. आमचा वॉर्ड सुटला सर्वसाधारण बाईला. माझ्या मैत्रिणीनं मशीनवर कापड झाकलं आणि नवी साडी नेसून बैठकीला आली. बैठक बुधवारी ठेवा म्हणून मीच हट्ट धरला होता. बुधवारी उपवास धरणारा माणूस मी आमच्या भागात पाहिला नव्हता. तो विधानसभेला पडलेला आला. संगतीनं बायको आणलेली. आणि शिदोऱ्या सुटल्या तसे पुन्हा हात जोडले.

मी विचारलंच. ‘बुधवार कोणत्या देवाचा, भाऊ?’

‘नवस हाय, माय. माहूरला बोललोय. हिचा निकाल लागेपर्यंत बाहेरचं अन्न न्हाई.’

हिचा म्हणजे बायकोचा. तेव्हा आम्हाला कळलं उभं कोण राहतंय. ती बाई खाली मान घालून बसलेली. भूक लागली असावी, भाकरीकडं हात नेला तिनं. ह्यानं नुसतं खाकरलं. हात मागं गेला. आणि सर आम्हाला समजावू लागले की हे महिलांचं सक्षमीकरण आहे. देवाधर्मावरून माणसाची चौकशी करणं आपल्या तत्त्वात बसत नाही, असं मला वरून सुनावलं.

माझी मैत्रीण म्हणाली, ‘सर, माझं ठरलं होतं.’

‘ताई, तुमच्यासाठी राखीव वॉर्ड आहेत. हा खुला आहे.’

‘खुल्यात मी बसत न्हाई का?’

‘बसता हो. निवडून येत नाही.’

हे त्या माणसानं म्हणावं, ज्यानं आयुष्यात एक पण माणूस निवडून आणला नाही. सगळे पेपरकडं बघून राहिले. आणि खिचडी संपवली.

तिनं अपक्ष अर्ज भरला. मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी तिच्याच घरी होते. वस्तीच्या तोंडाशी ती मोठी गाडी थांबली. सर उतरले आणि एकटेच आत आले. मतविभागणी होईल, प्रतिगामी येतील, तुमच्यासारख्या समजदार कार्यकर्तीनं त्याग करायला पाहिजे, हे सगळं त्यांनी खुर्चीवर बसून सांगितलं. त्याग करायची वेळ आली की ह्या लोकांना आमचीच दारं कशी सापडतात, हे एक मला कोडं आहे.

ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘भाऊ गाडीतच हायेत न्हवं? त्यांना आत बोलवा. माझ्या ताटातला एक घास खाऊ द्या. मी आत्ता तुमच्यासंगं येऊन अर्ज मागं घेते.’

सरांना हे लई सोपं वाटलं. लगबगीनं गेले. आम्ही दारातून बघत होतो. गाडीची काच थोडी खाली आली, सर वाकून बोलत राहिले, काच वर गेली. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते.

‘त्यांचा तो नवस… चालूच आहे.’

‘चालू द्या,’ ती म्हणाली. ‘माझा अर्ज बी चालू द्या.’

मला वाटलं आता हा माणूस शरमेनं निघून जाईल. पण आंबाडीच्या भाजीचा वास सुटला होता. सर खाली बसले आणि जेवले. ठेचा परत मागून घेतला. तुमच्या हाताला चव आहे ताई, असं म्हणाले, हात धुतले, आणि जाऊन त्या गाडीत बसले. संध्याकाळी पत्रक निघालं. पाठिंबा त्याच्या बायकोला.

माझी मैत्रीण पडली. त्याची बायको पण पडली. तिसरीच कोणी आली, जी आमच्या मंडळाला ओळखत पण नाही. मतविभागणीचं खापर सरांनी हिच्यावर फोडलं, ते पण लेख लिहून.

आणि तरी परवा तिच्या दारात उभे. निवडणुकीच्या आधी खादीचं कापड टाकलं होतं, झब्ब्याचं काय झालं म्हणून विचारायला आलेले. पुढची बैठक नांदेडला आहे, नवं पाहिजे होतं. कापड कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं त्यांना दिसत होतं, मला पण दिसत होतं. ती एका पोरीच्या ब्लाऊजला काजं करत होती.

मान वर न करता म्हणाली, ‘सर, माझा उपवास हाय. तुमच्या कापडाला हात चालत न्हाई.’

सर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना एक केळं दिलं.