आई गेली तेव्हा मी कृष्णद्रव्यावर बोलत होते

नारायणगुड्याच्या घराखाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि आई जिन्यात मला अडवून डब्यात आणखी दोन पोळ्या कोंबत होती. निवृत्त मास्तर असलेले बाबा म्हणाले, ‘‘जा. मागचं बघायला आम्ही आहोत.’’ धाकटा संदीप बॅगा उतरवून घामाघूम झाला होता. मी जर्मनीला निघाले होते, कृष्णद्रव्य आलं कुठून हे शोधायला.

फोनवर बाबांना मी ते सोपं करून सांगायचे. दीर्घिकांना बांधून ठेवणारं एक द्रव्य आहे, ते दिसत नाही. तंतू सिद्धांत म्हणतो, आपल्याला जाणवतात त्यापलीकडे इवल्या, गुंडाळलेल्या मिती आहेत. विश्व नुकतं जन्मलं तेव्हा त्या थरथरल्या आणि त्यातून उरलेले कण म्हणजेच हे द्रव्य, असा आमच्या गटाचा तर्क होता. मागून आई ओरडायची, ‘‘हौ, पण जेवली का विचारा तिला!’’

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात आईला पक्षाघात झाला. मला मात्र फोनवर ती कधी झोपलेली असायची, कधी देवळात गेलेली. परीक्षा झाली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आनंदाने घरी फोन लावला, तेव्हा संदीप म्हणाला, ‘‘ताई, काल आईला अंबरपेठच्या स्मशानात पोचवून आलो.’’

मिळेल त्या विमानाने आले आणि त्याच्यावर तुटून पडले. ‘‘का नाही कळवलंस?’’

‘‘आईनेच नको म्हटलं. आणि येऊन काय केलं असतंस? चार दिवस रडून परत गेली असतीस.’’

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, ‘‘तिला बोलता कुठे येत होतं? मीच ठरवलं.’’

भेटायला आलेल्या एका मावशी म्हणाल्या, आई आता तुझ्या त्या द्रव्यासारखीच, न दिसता धरून ठेवणारी. मी उठून आत गेले. ते कण आहेत. त्यांना माया नसते.

पुढे आमच्याच गटातल्या एकाने दाखवून दिलं की आमचे कण फार लवकर विरून गेले असते, आजवर टिकलेच नसते. तर्क बाद झाला. विज्ञानात हे चालतंच, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. ज्यासाठी आईचं मरण माझ्यापासून लपवलं, ते असं निघालं, हे मी बाबांना सांगितलेलं नाही. लपवणं मलाही जमू लागलंय.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना घरी आल्यावर नवा टॉवेल आणि कॉटवरची जागा मिळते. मलाही मिळते. संदीपची बायको विचारते, ‘‘किती दिवस आहात?’’

गेल्या खेपेला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले होते. दुकानदार आपुलकीने म्हणाला, ‘‘बाबा की आँख अब कैसी है? आपरेशन अच्छा हुआ ना?’’

मला ऑपरेशन झाल्याचंच माहीत नव्हतं. ‘‘हौ, अच्छा हुआ,’’ म्हणाले आणि घरी आले. बाबा पेपर डोळ्यांपाशी धरून बसले होते. मी विचारलं, ‘‘बाबा, डोळे कसे आहेत?’’

‘‘उत्तम,’’ ते म्हणाले. ‘‘तू तुझं काम बघ.’’

जिथली वाईट बातमी आपल्याला सांगतात, ते आपलं घर. नारायणगुड्यात ते आता मेडिकलवाल्याचं आहे.