काकूंचं वायफाय

नव्या घरात सामान लागलं होतं, पण इंटरनेट आलं नव्हतं, आणि दुपारी मुलीची नोकरीची मुलाखत ऑनलाइन होती. मोबाइललाही रेंज मिळेना. शेवटी मी शेजारच्या काकूंची बेल वाजवली.

"अगं, संकोच कसला? आमचं वायफाय घे की!" म्हणत त्यांनी पासवर्ड सांगितला.

सिग्नल फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येत होता. ओट्यावर लॅपटॉप ठेवून मुलगी उभ्यानेच बोलत राहिली. शिट्टी नको म्हणून मी कुकरही लावला नाही. चमचाभर विरजण दिलं म्हणून कुणाच्या घरचं दही कमी होत नाही. हेही तसलंच देणं, असं वाटून गेलं.

तेवढ्यात मुलगी ओरडली, "आई, घेतलं मला!"

शेजारच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "ऐकलं गं! शिरा टाकतेय, दोघीही या!"